तहानलेली वीट

शहाण्णव सालचा फाल्गुन, सोमवार, सकाळचे साडेनऊ. विद्यावेतन माणशी रोज पंधरा रुपये. हजर: वीस पुरुष, एक बाई, प्रशिक्षक, आणि मिरजगावातल्या ज्याच्या मोकळ्या जागेत हा वर्ग भरणार होता तो मी. बेरोजगारांना फुकट गवंडीकाम शिकवण्याचा हा दोन महिन्यांचा वर्ग. त्याची माझी पहिली आठवण विटेची नाही, वाळूचीही नाही. ती आहे प्रशिक्षकाच्या बॉलपेनच्या खटक्याची. टक्-टक्. वाळलेल्या शेंगेत बी वाजावं तसा तो पोकळ आवाज दोन महिने माझ्या खिडकीशी वाजत राहिला.

त्याला सगळे मास्तर म्हणत. अंगात पांढरा सफारी, आणि त्या पांढऱ्यावर सिमेंटचा एक ठिपका कधी पडला नाही. गवंडीकाम शिकवणाऱ्याच्या बाबतीत ही तारीफ नव्हे. आवारातल्या लिंबाच्या सावलीत तो उभा राही आणि ऊन सरकेल तसा सावलीबरोबर सरके. तो बुंध्यापासून किती दूर आहे यावरून मी घड्याळ लावू शकलो असतो. बोटं मऊ, नखं कापलेली. थापी त्याने एकदाच हाती धरली, फोटोसाठी, आणि धरली ती भात वाढायच्या पळीसारखी. बाकी त्याचं सारं बांधकाम फळ्यावर चाले, खडूने. खडूची भिंत पडत नाही.

खरी भिंतही तशी पडायला उरत नसे. विटा पुरवून वापरायच्या म्हणून वर्ग रोज मातीत भिंत बांधी आणि पाच वाजता तीच उतरवून रचून ठेवी. शेवटच्या आठवड्यापर्यंत रात्र पाहिलेली एकही भिंत तिथे नव्हती. त्यामुळे आपण शिकवतो ते उभं राहतं की नाही, हे मास्तरला कळायचं कारणच नव्हतं; त्याने ते शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.

एकवीस जणांतली ती एक बाई म्हणजे कौसाबाई. अकरा वर्षं तिने गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहिली होती. रस्त्याकडेला दुकानांचे गाळे बांधणाऱ्या ठेकेदाराने तिला सांगितलं होतं, सरकारी कागद आण, गवंड्याची मजुरी देतो. बिगारी बाईला तेव्हा तीस रुपये, गवंड्याला ऐंशी. त्या मधल्या पन्नास रुपयांसाठी ती आली होती. मास्तरने पहिल्याच दिवशी तिच्या हाती पुन्हा घमेलं दिलं.

"थापी हे बाईमाणसाचं काम नाही, बाई."

"इटंला कळतंय व्हय, सायेब, हात बाईचा हाय का बाप्याचा?"

वैशाख लागला. टँकर दिवसाआड येऊ लागला. समारोपासाठी एकच भिंत खऱ्या सिमेंटात बांधून ठेवायची ठरली आणि मास्तरने पाण्यात काटकसर काढली: विटा भिजवायच्या नाहीत.

"सायेब, कोरडी इट तहानलेली असती. शिमिटाच्या मालातलं पानी ती पिनार, मंग माल धरनार न्हाई."

"मग तांब्या-फुलपात्र मांडा की वैनी, पाहुनी आलीया!" एक शिकाऊ म्हणाला. वीस जण हसले. मास्तरने पेन वाजवलं.

पुरुष भाकरीला बसले तेव्हा कौसाबाई आमच्या दारी आली. "जयभीम, भाऊ. दोन कळशा पानी द्या." मीच दिलं. तिने विटा भिजवल्या, ओळंबा सोडला आणि डावा कोपरा एकटीने उभा केला, जोत्यापासून छातीपर्यंत. मी खिडकीतून पाहत होतो. दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात थापीचा आवाज पहिल्यांदाच भरीव आला. बाकीची भिंत पुरुषांनी कोरड्याच विटांनी पुरी केली.

चार दिवसांनी तालुक्याचे साहेब आले. कौतुकाने त्यांनी भिंतीवर हात टेकला आणि वरचे तीन थर पत्त्यांसारखे पलीकडे गेले. डावा कोपरा मात्र हलला नाही. साहेबांनी त्यावर बुटाची टाच मारून पाहिली.

"हा कुणी बांधला?"

"तो मी नमुन्यादाखल बांधून दाखवला होता, सर," मास्तर म्हणाला.

कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप मोजत होतो. बावीस होते, ते मी पुन्हा मोजले. मास्तरची मला किळस आली हे खरं, पण त्या दिवशी त्याच्या खोट्याला माझ्या गप्प बसण्याने टेकू दिला, हेही लिहिलं पाहिजे. वीस प्रमाणपत्रं वाटली गेली. हजेरीपटावर कौसाबाईच्या नावापुढे 'मदतनीस' असं निघालं. मदतनिसाला कागद नसतो. ठेकेदाराने तिला परत घमेल्यावर ठेवलं.

मास्तर गेला, लिंबाची सावली रिकामी झाली, खटक्याचा आवाज माझ्याखेरीज कुणाला आठवतही नाही. काळ माणसाला असा सहज पुसतो. भिजवून लावलेल्या विटेपाशी मात्र तो थांबतो. तो कोपरा मी पाडू दिला नाही. पुढच्या ज्येष्ठात त्यालाच जोडून न्हाणीघर बांधून घेतलं. काम सात दिवस, दर ऐंशी. पाचशे साठ रुपये रोख, कौसाबाईला दिले. पावतीवर कामाच्या रकान्यात मी 'गवंडी' लिहिलं. तिने ते वाचलं, सही केली आणि म्हणाली, "भाऊ, ह्ये तवाच बोलला असता तर?"