एक मणी कमी

थोरल्या बाईंनी पिवळ्या फितीची गाठ सोडली, पिशवीत दोन बोटं घातली आणि एक लाल मणी काढून घेतला. मग पहिल्यासारखीच गाठ मारून पिशवी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. प्रयोगशाळेत चिटपाखरूही नव्हतं, तरी त्यांनी उगाच घसा खाकरला.

पिशव्यांचं हे खूळ धाकट्या बाईंचं. शाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, पण मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. एक लाल मणी म्हणजे एक प्रोटॉन. पिशवीतले मणी मोजायचे, तो अणुक्रमांक. भिंतीवरच्या तक्त्यात त्या आकड्याचं जे मूलद्रव्य, ते पिशवीत. मुलं मधल्या सुट्टीत डबे बाजूला सारून मणी मोजत बसायची. थोरल्या बाईंनी इतकी वर्षं हाच तक्ता मुलांकडून घोकून घेतला होता. त्यासाठी कुणी डबा बाजूला सारल्याचं काही त्यांना आठवत नव्हतं. पोटात दुखायचं ते तिथे.

त्यात मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "त्यांचा एक पाठ बघते. मग पुढच्या वर्षी प्रयोगशाळा कुणाकडे द्यायची ते ठरवू."

द्यायची म्हणजे? ती थोरल्या बाईंकडेच तर होती. तिथली एकेक बाटली त्यांच्या हातून पुसली गेली होती.

पाठाला त्या मुख्याध्यापिकांशेजारी मागच्या बाकावर बसल्या. मणी डाव्या मुठीत होता.

"आज सोनं," धाकट्या बाईंनी पिवळ्या फितीची पिशवी उंच धरली. "मणी किती हवेत?"

"एकोणऐंशी!" वर्ग एका सुरात म्हणाला.

"मोजून खात्री करा."

चष्मेवाल्या मुलीने टेबलावर दहा-दहाचे ढीग मांडले. सात ढीग झाले आणि आठ मणी उरले.

"बाई, अठ्ठ्याहत्तरच आहेत."

मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं. झाली फजिती, थोरल्या बाई मनात म्हणाल्या, आणि त्यांना आतून गार गार वाटलं.

"पुन्हा मोज."

पुन्हा अठ्ठ्याहत्तर. धाकट्या बाईंनी पिशवी उलटी करून झटकली, टेबलाखाली वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. हातातल्या फितीकडे त्या जरा वेळ पाहत राहिल्या.

"मग हे काय आहे?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"सोनंच," मागून एक मुलगा म्हणाला. "एकच तर कमी आहे."

"एक कमी असला तर चालतो?"

चष्मेवाली तक्त्यापाशी गेली आणि सोन्याच्या चौकोनावरून बोट एक घर मागे घेतलं.

"प्लॅटिनम," ती म्हणाली. "बाई, हे सोनं नाहीच."

वर्गात एकच गलका झाला. अजून एक काढा, अजून एक काढा, म्हणत मुलं टेबलाभोवती जमली. मुख्याध्यापिका थोरल्या बाईंच्या कानाशी वाकल्या.

"मुद्दाम कमी ठेवला असणार. काय डोकं आहे हो पोरीचं."

थोरल्या बाईंना मान डोलवावी लागली. इतका जळफळाट त्यांचा आयुष्यात झाला नव्हता.

शाळा सुटल्यावर धाकट्या बाई पिशवी परत करायला आल्या.

"काल मी स्वतः मोजले होते," त्या म्हणाल्या. "एकोणऐंशी होते."

"पोरांनी घेतला असेल एखादा."

"किल्ली तुमच्याकडे असते ना."

आवाजात राग नव्हता. असता तर थोरल्या बाईंनाही चढ्या आवाजात काही बोलता आलं असतं. त्यांनी नुसतीच पिशवी घेतली. दारापाशी जाऊन धाकट्या बाई वळल्या.

"उद्या दुसऱ्या तुकडीला हाच पाठ आहे. त्यामुळे तो मणी उद्या संध्याकाळी परत टाकलात तरी चालेल."

थोरल्या बाईंनी उजव्या हाताने कपाटाला कुलूप घातलं. डावी मूठ काही उघडवेना.