टोचणारी काडी

नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आमच्या बदलापूरच्या चर्चमध्ये वेदीजवळ रिकामी गव्हाणी ठेवतात. बाळयेशू येणार नाताळला. तोवर त्याचं अंथरूण आपण करायचं. बारवीकडचा नाथा भाताचा पेंढा आणून देतो. ज्याने कुणाला मनापासून माफ केलं, त्याने एक काडी गव्हाणीत ठेवायची, असा आमचा रिवाज.

माफ करण्यात आम्ही भलते उदार. मी रिक्षावाल्याला माफ केलं, नवऱ्याला तर दोनदा. माझ्या सासूबाई, बनूबाई, मात्र दर रविवारी काडी उचलायच्या, पदराला बांधायच्या आणि घरी परत आणायच्या.

"आई, ठेवून टाका ना. कोण बघतंय?"

"खोटी काडी बाळाला टोचंल," त्या म्हणायच्या.

कारण एकच, अंबरनाथची धाकटी बहीण शलाका. दोघींच्या आईच्या मातीला ती आली नव्हती. तेव्हापासून बोलणं बंद. अजून किती नाताळ हाती आहेत, ही धास्ती सासूबाईंना होती, आणि मला त्यांच्याहून जास्त.

चौथ्या रविवारी दुपारी त्यांचा डोळा लागला. उठल्या त्या हरवल्यासारख्या. स्वप्नात म्हणे माहेरचं, बारवीचं खळं होतं, भर दुपारी चांदणं, आणि वरून पेंढा हळूहळू पडत होता. लहानगी बनू त्यात रडत होती, टोचतं म्हणून. धाकट्या शलीने स्वतःची गोधडी काढून तिच्याखाली पसरली आणि आपण कुडकुडत बसली.

"सपान कसलं, असंच झालेलं," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलव."

अंबरनाथला शलाकामावशीने दार उघडलं. मावशीची नजर सासूबाईंच्या पदराच्या गाठीवर गेली. तिने हात पुढे करून गाठ सोडली.

"पेंढा? अजून टोचतो काय गं तुला?"

सासूबाई उंबऱ्यातच बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मातीला का आली नाहीस, हे विचारायचं राहूनच गेलं. मलाही रडू आवरेना.

संध्याकाळी दोघी बहिणी चर्चमध्ये आल्या. सासूबाईंनी काडी ठेवली, मग गव्हाणीत तळहात टेकवून पाहिला. कपाळाला आठी घालून त्या माझ्याकडे वळल्या.

"टोचतंय गं. तुझ्या असतील."

माझ्या नेमक्या कुठल्या, मला ठाऊक नव्हतं. तीन उचलल्या आणि ओढणीला बांधल्या.