चिचुंद्रीवरची फुली

दत्तारामने गुंडाळलेली कार्डशीट उर्मिलाबाईंच्या टेबलावर पसरली आणि ती पुन्हा गुंडाळू नये म्हणून वर डस्टर ठेवला. डावीकडे हिवाळ्यात उत्तनच्या किनाऱ्यावर उतरणारा कुरव पक्षी, उजवीकडे चिचुंद्री. खाली वर्ग, गण, अन्न, स्थिती. स्थितीच्या रकान्यात दोघांनाही 'सध्या धोका नाही'. फक्त चिचुंद्रीच्या 'कीटकभक्षी' या गणावर लाल फुली होती. त्या एका फुलीपायी त्याच्या लेकीचं, संचिताचं नाव विज्ञान प्रदर्शनाच्या यादीतून गेलं होतं.

पोरीने पंधरा दिवस मान मोडून काम करायचं आणि बाईंनी एका फटक्यात फुली मारायची, हा कुठला न्याय? दत्तारामचं डोकं सकाळपासून तापलं होतं.

"चिचुंद्री म्हणजे उंदीरच की हो," बाई म्हणाल्या. "कुरतडणारा प्राणी. लहान पोरालाही कळतं."

"नाही कुरतडत बाई. झुरळं खाते ती. दात टोकदार असतात, उंदरासारखे पटाशीचे नाहीत."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर ऑफिसात असता ना?"

घ्या. शाळेच्या फॉर्मवर संचिताने तसंच लिहिलं होतं आणि त्याने मुकाट सही केली होती. खरं तर बारा वर्षं तो एका कंत्राटदाराकडे उंदीर मारत होता, गोडदेवच्या चाळींपासून सिल्व्हर पार्कच्या गटारांपर्यंत. रोज मारलेले उंदीर मोजायला मुकादम पोतं उपडं करायचा आणि चिचुंद्र्या पायाने बाजूला सारायचा. हा उंदीर नाही, मोजणार नाही. अंगठाबहाद्दर मुकादमाला कळतं ते या शिकलेल्या बाईला कळू नये? संताप अगदी ओठांवर आला होता. पण वर्गाच्या दाराशी संचिता उभी होती, आणि बाकांवर अख्खा वर्ग कान देऊन बसला होता.

त्याने डस्टर उचलला. शीट आपोआप गुंडाळली गेली.

"वाचलं होतं कुठंतरी," तो म्हणाला.

संचिता आत आली. तिने शीट पुन्हा उलगडली आणि एक कोपरा दाबून धरला.

"बाई, माझे बाबा उंदीर मारायच्या कामावर आहेत. त्यांच्याकडे चिचुंद्री उंदरांत धरत नाहीत. मला त्यांनीच शिकवलं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिदकन हसलं. संचिताने वळून पाहिलं नाही. तिचे डोळे बाईंच्या लाल पेनावर होते.

शीटचा दुसरा कोपरा वर यायला लागला. दत्तारामने तो हाताने दाबून धरला.