फोटोतली सुला

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो, आणि आता माझ्यातून कोणी काही बघत नाही. नाशिकच्या भद्रकालीत एक फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या कपाटातल्या अगदी खालच्या खणात मी पडून असते. पण एके काळी या शहरातल्या कितीतरी मुलींची लग्नं माझ्यावर ठरली. खोटं वाटत असेल तर ऐका.

माझा जन्म फार दूरच्या, थंड देशातल्या कारखान्यात झाला. मला घडवलं तेच मुळी चेहरे काढण्यासाठी. माझं तोंड मोठं, उजेडाची भूक मोठी. इतर लेन्सना जिथे दोन-दोन दिवे लागतात, तिथे माझं खिडकीच्या उजेडावर भागतं. माझ्या पोटात पातळ पात्यांची एक गोल झडप आहे. ती पूर्ण उघडली की उजेड भसकन आत येतो आणि चित्र मऊ होतं. मिटत आणली की उजेड कमी येतो आणि चित्र रेखीव होतं. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं समजेल.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली यादव नावाच्या फोटोग्राफरने मला मुंबईत एका खलाशाकडून विकत घेतलं. बैल घेताना दात बघतात, तशी त्याने आधी माझी परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवलं, समोर स्टँडवर कॅमेरा ठेवला, आणि झडप पूर्ण उघडी ठेवून एक फोटो काढला, मग थोडी मिटून दुसरा, आणखी मिटून तिसरा. फिल्म धुऊन, वाळवून तो भिंगातून एकेक अक्षर बघत बसला. झडप मिटलेली होती तिथे बारीक जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या. पूर्ण उघडी होती तिथे मात्र मधल्या अक्षरांना दुधाळ कड आली होती आणि कोपऱ्यातली अक्षरं पार विरघळली होती. मला फार लाज वाटली.

त्याची बायको बयाबाई दुकानाचा गल्ला सांभाळायची. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "फसवलं वाटतं तुम्हाला."

"थांब जरा. इथं खिडकीशी बस," यादव म्हणाला.

त्याने माझी झडप पूर्ण उघडली आणि तिचा फोटो काढला. त्यात तिचे डोळे पाणीदार आले होते, गालावर तेज होतं आणि कपाळावरच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या. बयाबाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "मी अशी कधी होते हो?"

"आपल्याला पेपर कुठं वाचायचाय," यादव हसून म्हणाला. "माणसं काढायचीत."

झालं, माझं नशीब उघडलं. स्थळांना पाठवायचे फोटो काढायला लांबलांबून लोक यादवकडे येऊ लागले. पूर्वी तो मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहऱ्याचे डाग घालवायचा. माझ्या कॅमेऱ्यातल्या चिमुकल्या फिल्मवर पेन्सिल चालत नसे, आणि तशी गरजही नव्हती. मी होते ना. मला स्वतःचा गर्व झाला होता, हे मी लपवत नाही.

एक दिवस सावळीराम नावाचा छापखान्यातला कामगार आपल्या मुलीला घेऊन आला. सुला तिचं नाव. शिकलेली, मास्तरकीची परीक्षा पास झालेली. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्यांचे वण सगळ्या चेहऱ्यावर राहिले होते. सावळीराम दाराशीच यादवला हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, देवळ्याचं स्थळ आहे. बघा काही करता येतं का."

यादवने केलं. म्हणजे मीच केलं. फोटोत एकही वण नव्हता. सावळीरामचे डोळे भरून आले. सुला "छान आहे," एवढंच म्हणाली आणि नकळत गालावरून हात फिरवत राहिली.

फोटो देवळ्याला गेला आणि लगेच होकार आला. पाहुणे मुलगी बघायला आले. त्या दिवशी काय झालं ते सुलाच्या आईने, भिमाबाईने, नंतर बयाबाईजवळ बसून सांगितलं. सुला पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या आत्याच्या हातात फोटो होता. तिने सुलाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाली, "मुलगी कुठंय?"

"हीच की," सावळीराम म्हणाला.

"ही नाही. फोटोतली बोलवा."

पोह्यांना हात न लावता पाहुणे उठून गेले. हे ऐकताना मला आपल्या मोठ्या तोंडाची किळस आली.

आठवड्याभराने सुला एकटीच आली. "दादा, दुसरा फोटो काढा. आहे तसा."

"अगं, कशाला? आपण मधलं काहीतरी..."

"फोटो बघून नाही म्हटले तर चालेल मला," ती म्हणाली. "घरात येऊन नको."

यादव उठला. त्याने दोन्ही दिवे लावले, माझी झडप जवळजवळ पूर्ण मिटली आणि तिला श्वास रोखून बसायला सांगितलं. त्या फोटोत एकेक वण होता. त्यांच्यामध्ये तिचे डोळेही होते, सरळ बघणारे. मित्रांनो, इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. सुलाने तो हातात घेतला आणि पहिल्यांदा हसली. "हां. ही मी."

तोच फोटो अर्जाला लावून तिला हरसूलच्या शाळेत नोकरी लागली. स्थळ मात्र एकही आलं नाही. सावळीराम आधी प्रती काढून न्यायचा, मग ते थांबलं, मग तो स्वतःच गेला.

पुढे रंगीत फोटो आले, झगझगीत फ्लॅश आले. यादवने नवा कॅमेरा घेतला आणि मला चामड्याच्या डब्यात घालून ओल धरणाऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवून दिलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. चामडं ओल धरतं आणि ओलीत बुरशी धरते. ती माझ्या आतल्या काचांवर पसरत गेली. कोणी डबा उघडला नाही, कोणी उन्हं दाखवली नाहीत.

शहाऐंशी साली सुला आली. आता तिला सगळे सुलाबाई म्हणत. केस पिकू लागले होते. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. "मागं काढला होता तसाच काढा, दादा. त्याच लेन्सने."

यादव म्हातारा झाला होता, नजर मंदावली होती. त्याला फार आनंद झाला. त्याने मला बाहेर काढलं, धोतराच्या सोग्याने पुढची काच पुसली आणि झडप तेव्हासारखीच मिटत आणली. उजेडाकडे धरून बघायचं मात्र राहिलं. मी जीव तोडून प्रयत्न केला. पण काचच गढूळ झाली की झडप काय करणार?

पुढच्या रविवारी ती फोटो न्यायला आली. फोटोवर पांढरं धुकं होतं आणि धुक्यात एक गुळगुळीत चेहरा. तिने तो पाहिला आणि गल्ल्यावर ठेवला.

"पुन्हा तेच केलंत ना?"

"नाही गं, शप्पथ. झडप तेव्हासारखीच मिटली होती मी."

"असू द्या. मला वाईट वाटू नये म्हणून केलंत. सगळेच करतात." ती पिशवी उचलत म्हणाली, "पण हा चालायचा नाही. माझी शाळेतली मुलं ओळखणार नाहीत मला."

ती गेल्यावर यादवने मला खिडकीशी धरलं, आणि त्याला आतली बुरशीची जाळी दिसली. तो तसाच दारापर्यंत धावला. रस्त्यावर ती नव्हती. परत येऊन त्याने मला त्याच डब्यात ठेवलं. त्याच पावसाळ्यात तो वारला.

मित्रांनो, आपल्या घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून उजेडात काढून बघत जा. बुरशी काचेत मुरली की निघत नाही, ती काच खाते. माझ्यासाठी आता याचा काही उपयोग नाही. त्या दिवशी तिला कोणी लपवलं नव्हतं, एवढं सुलाबाईला सांगायला हवं होतं. सांगणारा गेला. हरसूलला तिला अजून वाटत असेल की यादवदादालासुद्धा तिचा चेहरा बघवला नाही.