साधा अल्सर

नळीच्या खोलीत उभं राहून राहून सिस्टरचे पाय असे भरून यायचे, की घरी गेल्यावर चपला काढायचाही कंटाळा. पाटीवर एंडोस्कोपी विभाग असं भारदस्त नाव होतं, पण लादी पुसणाऱ्या मामांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला नळीची खोलीच म्हणत. तोंडातून नळी घालायची, पडद्यावर बघायचं, काढायची, धुवायची, पुढचा पेशंट. डॉक्टर दिवसभर पाढे म्हटल्यासारखे म्हणत, "अन्ननलिका ठीक. जठर ठीक. ग्रहणी ठीक." आणि सिस्टर पेशंटच्या उशाशी, "गिळा हं, अजून एकदा, झालंच." कुठलं झालंच! पण म्हणावं लागतं.

आत शब्द हे असे. दाराबाहेर मात्र सगळ्यांना पुरेल असा एकच होता. पेशंट बाहेर यायच्या आत त्याचा मुलगा, सून, भाऊ, कोणीतरी सिस्टरला बाजूला घ्यायचं. "काही वाईट निघालं तर त्यांना सांगू नका हं. अल्सर म्हणा." आणि ती म्हणायची. डॉक्टरही म्हणायचे. पोटात साधी जखम असो नाहीतर कॅन्सर, पेशंटच्या कानावर अल्सरच. खोलीतली धुतलेली चादर जशी येईल त्या पेशंटच्या अंगावर घालतात, तसा तो शब्द. इतकी वर्षं घालून घालून सिस्टरची जीभ आता अडखळतही नव्हती.

आईच्या वेळी तेच झालं होतं. तेव्हा दाराबाहेर बाजूला घेणारे खुद्द बाबाच. "छकुले, तिला कळता कामा नये. धसका घेईल ती." मग सिस्टर आईच्या खाटेवर बसली, हसली आणि म्हणाली, "काही नाही गं आई, साधा अल्सर आहे." आई म्हणाली, "हो का? मग बरं." त्यानंतर शेवटपर्यंत तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही. आई गेली, पण निदान तिला कळलं तरी नाही, एवढंच सिस्टरला समाधान. दुसरं होतं तरी कुठलं म्हणा!

आणि आता बाबा. बाबा शिंपी. आयुष्यभर मशीन मारून गुडघ्यांची वाट लागलेली, त्यात स्वभाव हट्टी. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी, नुसत्या चहावर ढकलायचे. सिस्टर ओरडायची, ते "बरं बरं" म्हणायचे आणि करायचं तेच करायचे. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. सिस्टरनं दंडाला धरून त्यांना नळीच्या खोलीत आणलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि नेहमीच्या जागी उशाशी उभी राहिली. सरळच असलेली उशी तिनं दोनदा सरळ केली. सवयीनं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"अन्ननलिका ठीक," डॉक्टर म्हणाले. "जठर... थांबा. खालच्या टोकाला अल्सर." त्यांनी जखमेच्या कडेचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. रिपोर्ट येईपर्यंत सिस्टर रोज डबा न उघडताच घरी परत नेत होती. आणि आलं काय, तर कॅन्सर नाही. खरोखरीचा, साधा, गोळ्यांनी भरून येणारा अल्सर. सिस्टर भिंतीला टेकून मामांसमोरच रडायला लागली.

"अहो सिस्टर, बातमी चांगली आहे ना?" मामा घाबरले.

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

घरी येऊन बाबांच्या खाटेवर बसली. "बाबा, काही नाही, साधा अल्सर आहे."

"हो का? मग बरं," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आपली सिस्टर इतकी दमलेली, की तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. पोरीला सुखाची झोप लागली. पुढे रोजचं रहाटगाडगं. निघताना विचारायची, "गोळी घेतली?" बाबा मान डोलवायचे. "जेवलात?" मान डोलवायचे. एका सुटीच्या दिवशी मात्र तिला उसवलेली बाही शिवायची होती, म्हणून तिनं खिळ्यावरची मोठी कात्री घ्यायला हात वर केला. खिळा रिकामा. ज्या कात्रीला घरात कोणी हात लावला तर बाबा आकाशपाताळ एक करायचे, ती कात्री!

"कात्री कुठे गेली?"

"कोपऱ्यावरच्या शिंप्याला दिली. चांगला आहे तो, सांभाळेल."

सिस्टरनं मशीनचा खण ओढला. आत गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न काढलेली. मग तिनं बाबांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"बाबा, गोळ्या का नाही घेतल्या?"

"कशाला वाया घालवायच्या? दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील."

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. "अहो, खरंच अल्सर आहे तुम्हाला!"

"असू दे गं."

"तुमची शपथ!"

"आईला किती छान सांगितलं होतंस. मला सगळं माहीत असून घटकाभर मीच फसलो."

"डॉक्टरांना विचारा मग."

"देवमाणूस आहे तो. तेव्हाही हेच म्हणाला होता."

"रिपोर्ट दाखवते, थांबा."

"तुमच्याच दवाखान्याचा ना तो," बाबा हसले.

आता काय बोलणार, कप्पाळ! इतकी माणसं आणि त्यांचे नातेवाईक तिच्या शब्दावर भरवसा ठेवून घरी गेले होते, आणि आज खरं बोलतेय तर सख्ख्या बापाला पटेना. आणि न पटून भागणार नव्हतं. गोळ्यांवाचून ती जखम पुन्हा वाहिली असती, आणि म्हातारा साध्या अल्सरनं हकनाक गेला असता. सिस्टरला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला.

"ऐका," ती म्हणाली. "अल्सर ह्या गोळ्यांनी भरतो, कॅन्सर भरत नाही. तुम्ही गोळ्या घ्या, पोटभर जेवा. मग परत नळी घालू. ह्या वेळी गुंगी नाही, काही नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर बघा. भरला नसेल तर मी खोटारडी. लावा पैज!"

बाबांनी खणातलं एक पाकीट उचललं. मग म्हणाले, "आण पाणी."

ठरल्याप्रमाणे ते पुन्हा त्या टेबलावर कुशीवर झोपले. घशात बधिर करायचा फवारा मारला, दातांत कडं बसवलं. नळी आत जाताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी पापणी लवू देईनात. सिस्टरनं उशाशी उभं राहून त्यांचा हात घट्ट धरला. "गिळा बाबा, झालंच."

"अन्ननलिका ठीक," डॉक्टर म्हणाले. "आता हे तुमचं जठर. कोपऱ्यात मागचा फोटो आहे, ती खोल पांढरी जखम दिसते? आणि हीच जागा आज." पडद्यावर गुलाबी अस्तर होतं आणि त्यात फिक्कट, चुणी पडल्यासारखा नुसता वण. बाबांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा वणाकडे. सिस्टरच्या हातातला त्यांचा हात सैल पडला.

नंतर बाजूच्या खोलीत, खाटेवर उठून बसल्यावर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रफू बरं जमलंय."

सिस्टर हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली. "जिंकले की नाही? आता आधी कात्री परत आणा."

"आणतो." बाबांनी चादरीची चुणी बोटांनी सरळ केली. मग म्हणाले, "छकुले, मी इतके दिवस गप्प का बसलो, माहितेय? तू इतकी दमून यायचीस. तशात हसून सांगत होतीस. म्हटलं, पोरगी एवढ्या जिवाच्या आकांतानं खोटं बोलतेय, तर बोलू दे. हो म्हणू."

सिस्टरचं हसू गेलं.

"तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं?"

तिला आठवलं. हो का, मग बरं. हेच शब्द आधी कोणी म्हटले होते, तेही आठवलं.

"तिला कळलं होतं गं," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला सगळं कळलं होतं. आपल्या दोघांसाठी गप्प बसली ती. मी इतके दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडलो ना, तेव्हा समजलं. फार एकटं वाटतं."

बाहेरून मामांनी हाक मारली, "सिस्टर, पुढचा पेशंट घेतलाय!" ती उठली नाही. बाबा पाणी मागत होते, पण घसा अजून बधिर होता, इतक्यात देता येत नव्हतं. ती भरलेला पेला हातात धरून त्यांच्याशेजारी बसून राहिली.