पाणी शेजारच्या घरावर

आमच्या तोचिनोसे गावात अग्निपथक उभं राहिलं ते माझ्या पणजोबांच्या काळात. त्याआधी एकदा गावात आग लागली, तेव्हा सगळे पुरुष बादल्या घेऊन मुखियाच्या पेटलेल्या घराकडे धावले आणि त्यांच्या पाठीमागे एकेक घर जात राहिलं. शेवटी उरलं फक्त देऊळ. त्याच्या पायरीवर बसून लोकांनी पथक काढलं आणि नियम केला : पेटलेलं घर गेलं समजायचं, पुढचं घर धरायचं.

मग हातपंप आला. तो खांद्यावरून न्यावा लागे. पुरुष लढाईवर गेले तेव्हा माझी आई आणि गावातल्या बायका तो वाहायच्या. पुढे इंजिनाचा पंप आला, लहानसा लाल ट्रक आला. माणसं मात्र कमी होत गेली. मी साठी ओलांडली तरी पथकात सगळ्यांत धाकटा मीच होतो.

आमचे नायक कात्सुमी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, आणि माझं ऐकून सगळं पथकच म्हणायला लागलं. फुमिएताई जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दाजी एकटेच राहत, रोज सकाळी तिच्या फोटोपुढे वाफाळता भात ठेवत आणि तिच्याशी भांडल्यासारखं बोलत बसत.

त्या वसंतात नदीकाठी आमचा सराव चालला होता. वारा कोरडा होता.

"दाजी, पोट आत घ्या. पाण्याला वळसा पडतोय," तामोत्सु म्हणाला. त्याचं दारूचं दुकान आहे.

"तू आधी दुकानातल्या पिंपात पाणी कमी घाल."

सगळे हसले. तेवढ्यात तामोत्सुनं वर बोट दाखवलं. "हे बघा, सराव खरा वाटावा म्हणून कुणीतरी धूरही केलाय."

धूर वरच्या आळीतून येत होता. ट्रक चढावर पोचला तेव्हा कळलं, घर दाजींचंच. सकाळी न्हाणीच्या चुलीतली राख त्यांनी मागे टाकली होती. वाऱ्यानं ठिणगी उडाली असावी. पत्र्याखाली जुनं गवती छप्पर होतं, ते आतून धुमसत पेटलं होतं. शेजारी हातभर अंतरावर किनुआजीचं घर. आजी नव्वदीची, बहिरी, आत झोपलेली.

मी नळी जोडली आणि तोंड दाजींच्या घराकडे धरलं.

"नळी फिरव," दाजी म्हणाले.

"दाजी, पुढच्या खोलीला अजून आग लागलेली नाही. ताईचा फोटो आहे तिथं. मी पटकन आत जाऊन..."

"योशिहारु, नळी फिरव. आजीच्या छपरावर धर."

आवाज सरावातलाच होता. मी नळी फिरवली.

तामोत्सु आजीला पाठुंगळीला घेऊन बाहेर आला. ती त्याच्या डोक्यात चापट्या मारत होती. "मेल्या, चपला तरी घालू दे!"

"आजी, तुम्हाला कुठं चालायचंय!"

दाजींच्या पुढच्या खोलीची कागदी दारं आतून उजळली. मग पेटली. मग छप्पर खाली बसलं. मला काहीच वाटलं नाही. नळी जड होती आणि थंड पाणी बाहीतून काखेपर्यंत येत होतं, एवढंच आठवतं. आजीचं घर वाचलं. शहराचा बंब आला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. दाजींनी आम्हाला ओळीत उभं केलं, हजेरी घेतली. "सगळे आहेत. जा घरी."

त्यांना मी आमच्याकडे आणलं. माझी बायको साचिए वाढताना आग्रह करायची, "दाजी, अजून थोडा भात?" ते म्हणायचे, "पुरे." एकदा तिनं आमच्याकडचा ताईचा एक फोटो त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या लग्नातला होता, ताई ठेवणीतल्या किमोनोत. त्यांनी बराच वेळ बघितला.

"ही पाहुणी आलेली आहे," ते म्हणाले. "हिच्याशी काय बोलू? असू दे तुमच्याकडेच."

किनुआजी लाल घेवड्याच्या पुरणाचे लाडू घेऊन आली आणि उंबऱ्याशी कपाळ टेकून वाकली. दाजी तिच्याहून खाली वाकले. दोघांपैकी कुणालाच आधी उठता येईना. शेवटी साचिएनं दोघांना हात दिला.

पुढच्या वर्षी आमचं पथक शहराच्या पथकात विलीन झालं. माणसंच उरली नव्हती. कार्यक्रमात कुणा अधिकाऱ्यानं आमचा इतिहास वाचून दाखवला. त्यात हातपंप होता, लढाई होती, माझ्या आईचं नाव चुकीचं होतं. दाजींनी पथकाच्या झेंड्याची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

येताना मी विचारलं, "दाजी, त्या दिवशी वाईट नाही वाटलं?"

ते चालत राहिले. "वाटेल म्हणून थांबलोय," ते म्हणाले. "तुला वाटलं?"

"नाही अजून."

"हं."

पुलापाशी तामोत्सुनं दुकानात बोलावलं, पण बटाटे लावायचे राहिले होते. आम्ही गणवेशातच शेतावर गेलो. दाजी सरी पाडत पुढे, मी मागून बेणं टाकत. अंधार पडेपर्यंत निम्मं शेत झालं.