मृगाची शेवटची काच

“तात्या, अवसेच्या रात्री माळावर तुमी भुतं धरता व्हय?”

शालू आणि मनूनं पैज लावली होती, आणि पैजेला मागं सरेल ती बनू कसली. कोरेगावच्या पेठेत केरबातात्याचं फोटोचं दुकान होतं. तिथं भर दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, तिनं हे विचारलं. मैत्रिणी भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

केरबातात्या तिच्या बापाबरोबर, सयाजी हवालदाराबरोबर लढाईवर जाऊन आलेला. विमानातनं काढलेले फोटो अंधाऱ्या खोलीत धुवायचं काम त्यानं चार वर्षं केलं होतं. तो रागावला नाही. त्यानं फोटो उमटवायची एक काच तिच्या हातात दिली.

“भुतं न्हाईत. चांदण्या धरतोय, पर गावंनात.”

काचेवर नुसते ओरखडे होते.

“मांजरानं नखं मारल्यावानी दिसतंय,” बनू म्हणाली.

“मांजर न्हाई, पृथ्वी. ती फिरती, आन काचेवर चांदण्यांचं वळ उठत्यात. तिच्या चालीनं यंत्र फिरवायचं, तासभर. माझ्या डोळ्याला पावघडीत पाणी येतंय.”

“माझ्या न्हाई येत,” बनू म्हणून गेली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

यंत्र म्हणजे लाकडी घोडीवर तिरकी लोखंडी कांब, तिचं टोक ध्रुवाकडं लावलेलं. कांबेवर दुर्बीण आणि दुर्बिणीच्या पाठीवर चामडी पट्ट्यानं बांधलेला कॅमेरा. दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे फुलीसारखे ताणलेले. एक चांदणी त्या फुलीवर धरायची आणि ती जराशी सरकली की बोटानं कांबेची मूठ केसभर फिरवायची. कॅमेरा तेवढा वेळ उघडा. अवसेला सारा गाव दारं लावून बसे, तेव्हा ही तिघं माळावर: तात्या, बनू, आणि घोंगडं पांघरून डुलक्या घेणारा हवालदार.

पहिली काच बनूच्या खोकल्यानं गेली, दुसरी वाऱ्यानं. तिसऱ्यापासून ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायला शिकली. चौथ्या काचेवर कृत्तिका टिपक्यांसारख्या उमटल्या, आणि त्यांच्याभोवती दह्याच्या निवळीसारखं काहीतरी पसरलेलं. ते नुसत्या डोळ्यांना कधीच दिसलं नव्हतं. तात्यानं काच पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरली.

“पोरी, तुझ्या डोळ्यात तेल हाय.”

झालं. बनू शाळेत अशी चालायला लागली, जणू आभाळ तिच्याच परड्यात वाळत घातलेलं होतं.

तात्यानं लढाईवरून आणलेल्या डझनभर काचांतली आता एकच उरली होती, आणि बाजारात तसली मिळत नव्हती. ती त्यानं मृग नक्षत्रासाठी राखली होती. तीन चांदण्यांच्या खाली एक धुरकट ठिपका आहे, तो त्याला बघायचा होता. “नजर हाय तवर,” तो म्हणायचा.

सत्तेचाळीस सालच्या पौष अवसेला, दिवेलागणीनंतर, तात्यानं कांबेला ध्रुव लावला. डोळे पुशीत, पुन्हा पुन्हा लावला. लांब उसात गुऱ्हाळ पेटलेलं होतं, त्याचा उजेड काचेवर येईल म्हणून चुलाणापुढं पोती टांगायला तो स्वतः गेला. “तास झाला की झाकण लाव. तवर मी तितंच बसतो.”

अर्ध्या तासानं शालू आणि मनू आल्या. बनूनंच त्यांना दुपारी सांगितलं होतं: अवसेला भ्यायचं नसेल तर या. हवालदार घोरत होता.

“आमाला बी दाव की,” शालू म्हणाली.

“आता न्हाई. काच उघडी हाय.”

“बघ, दिसतच नसंल हिला काय. नुसती बढाई,” मनू शालूला म्हणाली.

बनू बाजूला झाली. क्षणभरच, असं तिनं स्वतःला बजावलं. शालूनं डोळा लावला, आणि त्या चांदणीचं तेज बघून तिला देवच दिसला. देवळात टेकावं तसं तिनं घोडीच्या पायावर डोकं टेकलं. मग मनूनं बघितलं, मग मनूनंही टेकलं. देवापुढून कुणी हाताला धरून ओढत नाही, तसं बनूलाही त्यांना ओढवलं नाही. तिनं परत डोळा लावला तेव्हा चांदणी फुली सोडून लांब गेली होती. तिनं ती हळूच ओढून जागेवर आणली.

दुसऱ्या दिवशी काच धुतली. धुरकट ठिपका उमटला होता, पण पुसल्यासारखा, आणि प्रत्येक चांदणीला शेपटी. तात्यानं ती उजेडाकडं धरली, जवळ नेली, लांब नेली.

“ध्रुव चुकला माझा,” तो म्हणाला. “डोळं गेलं म्हणायचं.”

ध्रुव चुकला असता तर त्या शेपट्या गोल वळल्या असत्या, कुठं लहान, कुठं मोठ्या. या सगळ्या सरळ, सारख्या, एकाच अंगाला होत्या. तात्यानंच तिला हे शिकवलं होतं. तिला ते दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. ती बोलली नाही. “ठेव तुला,” म्हणून त्यानं काच तिलाच दिली. महिन्याभरात दुकान बंद करून तो माधवनगरला बहिणीकडं गेला, गिरणीत कापडाच्या घड्या घालायला.

शिमग्याच्या सुमाराला त्याचं पत्र आलं. हवालदारानं चुलीपाशी बसून ते मोठ्यानं वाचलं:

“‘माझ्या नजरेपायी पोरीची मेहनत मातीत गेली. तिला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको. दुर्बीण बुधवारी मिरजेच्या जुन्या बाजारात देऊन टाकतो. आता आभाळाकडं बघायचं मनच होत नाही.’” त्यानं पत्राची घडी केली. “भला गडी. आपली चूक आपल्या तोंडानं सांगतोय.”

बनूच्या हातातला घास खाली आला.

“आबा, चूक त्यांची न्हाई. ध्रुव बरोबर लागला हुता. म्या पोरींना बघू दिलं, तुमी निजला हुता तवा.”

बनूच्या आईचा, रंगूबाईचा, भाकरी थापता हात थांबला. “आन तात्या जाताना आपल्यात जेवला की गं. तवा तुझ्या तोंडाला काय झालं हुतं?”

“तवा ते मला लय हुशार म्हणत हुते, आई.”

तव्यावरची भाकरी करपली.

“बुधवार उजाडायच्या आत, उद्या सकाळच्या मिरजगाडीनं मी माधवनगरला जाणार,” बनू म्हणाली. “काच नेणार, त्यांच्या बहिणीच्या दारात सांगणार. शाळा बुडंल ती बुडू दे. आबा, तुमी आला तर बरं हुईल. न्हाई आला तर मी एकटी जाईन.”